शुद्ध केलेला वॉल्टर

४ सप्टेंबर
आज बैठकीत मी आमच्या जर्नलचा हंगामी संपादक झालो. एकमताने. ठराव आला तेव्हा मी कॉफी आणायला गेलो होतो, हा निव्वळ योगायोग. परतलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. माणसाविषयीचा आदर त्याच्या गैरहजेरीतच खरा कळतो.

संस्कृतचा वर्ग बंद पडल्यावर विद्यापीठाने मला अपंगत्व-अभ्यास केंद्रात आणून ठेवलं. ('ठेवलं' हा शब्द डीनसाहेबांचा.) तेव्हा लोक हसले होते. संस्कृतवाल्याचं इथे काय काम? काम हे की, शब्द म्हणजे काय चीज आहे ते साऱ्या विनिपेग शहरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, आणि या विषयातली निम्मी भांडणं शब्दांचीच आहेत.

संकल्प: जर्नलमध्ये एकही दुखावणारा शब्द येऊ द्यायचा नाही. इमारतीच्या लिफ्टबद्दल वर पत्र लिहायचं. साखर बंद.

५ सप्टेंबर
साखर उद्यापासून. कॉफीत आधीच पडली होती.

९ सप्टेंबर
ॲग्नेस थीसेनचा लेख आला. ॲग्नेस माझ्या शेजारच्या खोलीत बसते. चाकाच्या खुर्चीत असते. (हे लिहायला नको होतं. माणसाची ओळख खुर्चीवरून करून देऊ नये असं मी स्वतःच शिकवतो. पण रोजनिशी खाजगी आहे.)

पूर्वी या प्रांतात अपंग मुलांना एका संस्थेत नेऊन टाकत. संस्था बंद होऊन जमाना झाला. तिथे वाढलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांशी ॲग्नेस वर्षानुवर्षं बोलत बसली, टेप लावून. लेख त्यावर. त्यात वॉल्टर कोस्टिक नावाचे एक गृहस्थ आहेत, दोन कुबड्यांवर चालणारे. त्यांनी परवानगी देताना टेपवरच अट घातली आहे: मी बोललो तसंच छापायचं, नाहीतर छापायचं नाही. ॲग्नेसने ती अट लेखाच्या पहिल्याच पानावर दिली आहे. थोडी आक्रमक वाटते. पण असो.

मार्चमध्ये ॲग्नेसची कायम होण्याची फाईल जाणार. लेख छापून आला तर ती कायम, नाहीतर जूनमध्ये खोली रिकामी. हे तिने दारातूनच सांगितलं.

"पंडित," ती म्हणाली (ती मला पंडित म्हणते, आदराने), "माझी नोकरी आता तुझ्या टेबलावर आहे. वर कॉफी सांडू नकोस."

मी तिला निश्चिंत राहायला सांगितलं. तू असं म्हणालास की मला धडकी भरते, असं म्हणून ती हसत निघून गेली. विनोदी बाई आहे.

२ ऑक्टोबर
परीक्षकांचे दोन्ही अहवाल उत्तम. एकाने लिहिलंय: यातला एकही शब्द बदलू नये. कौतुक करण्याची ही एक पद्धत आहे. अक्षरशः घ्यायची नसते.

शब्दसंहिता लिहायला घेतली. डाव्या रकान्यात वापरू नयेत असे शब्द, उजव्यात त्यांचे निर्दोष पर्याय. अत्यंत आनंदाचं काम. आनंद वाटून घ्यावा म्हणून घरी बायकोला, शैलाला, वाचून दाखवलं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. शब्द हा तिचा प्रांत नव्हे. म्हणाली, आपल्याकडे अपंगाचा विकलांग झाला, विकलांगाचा दिव्यांग झाला, जिना मात्र होता तिथेच आहे. शिवाय, अहो, त्या लिफ्टच्या पत्राचं काय झालं, असंही विचारलं.

लिफ्ट आज बंद होती. आमचा मजला तिसरा. ॲग्नेसने तळमजल्यावर, मालाच्या दारापाशी वर्ग घेतला. विद्यार्थी पायऱ्यांवर बसले. मी वरून तिला हात केला. पत्र डोक्यात तयार आहे. फक्त 'लिफ्ट बंद आहे' हे फार नकारात्मक वाटतं. शब्द शोधतो आहे.

२१ ऑक्टोबर
मुखपृष्ठासाठी सुंदर छायाचित्र मिळालं. पिकलेला गहू, निळं आकाश, मध्ये चाकाच्या खुर्चीत तरुण मुलगी, हात पसरून हसते आहे. ॲग्नेसला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं भारावली.

मग विचारलं, ही गव्हात शिरली कशी? मी म्हटलं, प्रतीक आहे. ती म्हणाली, प्रतीक असेल, पण हिच्या चाकांना हाताने फिरवायची कडी नाही. ही दवाखान्यातली, मागून ढकलायची खुर्ची आहे. म्हणजे हिला कुणीतरी ढकलत इथवर आणलं आणि सोडून गेलं. "कॉफी आणायला गेला असेल," ती म्हणाली.

सूचना विधायक होती. ताबडतोब अमलात आणली. छायाचित्र तेच ठेवलं, खालून कापून चाकं काढून टाकली. आता नुसती हसरी मुलगी आणि गहू. कुणाचाही आक्षेप येणार नाही.

६ नोव्हेंबर
ॲग्नेसच्या खांद्याची शस्त्रक्रिया. चाकं ढकलून ढकलून सांधा झिजला आहे. इस्पितळात जाण्यापूर्वी निरोप ठेवून गेली: प्रूफ तिकडे पाठव, वाचायला हात लागत नाही. केवढी जिद्द. डोळे पाणावले. अशा माणसावर प्रुफांचा बोजा टाकणं म्हणजे क्रौर्य.

संकल्प: बोजा आपण उचलायचा.

८ नोव्हेंबर, दुपार
बोजा उचलला.

शब्दसंहिता शेजारी ठेवून लेख वाचायला बसलो आणि वॉल्टरपाशी थबकलो. त्याचं वाक्य मुळातून उतरवून ठेवतो. रोजनिशी मराठीत आहे तेव्हा मराठीत, आणि फक्त इथे:

"तिथले पहारेकरी मला लंगड्या म्हणायचे आणि ओल्या पट्ट्याने मारायचे. सुटलो तेव्हा माझ्यापाशी दोनच गोष्टी होत्या, अंगावरचे कपडे आणि तो शब्द. कपडे फाटले. शब्द अजून वापरतो."

असं वाक्य आपल्या जर्नलमध्ये? संहितेतल्या पहिल्या ओळीतलाच शब्द, आणि तोही एकदा नव्हे. हा माणूस स्वतःला पानोपानी लंगड्या म्हणतो. आत्मसन्मान नावाची गोष्ट कुणी शिकवलीच नसणार. त्याच्या वतीने कुणीतरी सन्मान राखायला हवा होता.

संगणकाला सांगितलं, हा शब्द दिसेल तिथे तो घाल. कॉफी निवायच्या आत सगळा लेख स्वच्छ. पहारेकऱ्यांचे 'काळजीवाहक' झाले. लंगड्याची 'गतिवैविध्य असलेली व्यक्ती' झाली. 'मारायचे' तसंच राहिलं. त्याला पर्याय सुचला नाही.

छपाईकडे पाठवायच्या वेळी यंत्र अडलं. 'लेखकाने प्रूफ तपासून मान्य केले' या चौकटीत खूण असल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. यंत्राला माणुसकी कुठून असणार? लेखक गुंगीत आहे हे त्याला काय ठाऊक? खूण करून टाकली.

संध्याकाळी शैलाबरोबर इस्पितळात गेलो. संत्री नेली. ॲग्नेसने डोळे उघडून आधी प्रूफ विचारलं. मी म्हटलं, विश्रांती घे. ती पुन्हा म्हणाली, प्रूफ. मी तिच्या धैर्याची स्तुती केली. नर्सने आम्हाला बाहेर काढलं. येताना शैलाने विचारलं, प्रुफाचं ती काय म्हणत होती? गुंगीत बोलतात माणसं, असं सांगितलं.

४ डिसेंबर
अंक बाहेर! समारंभ देखणा झाला. डीनसाहेब म्हणाले, भाषा कशी आरस्पानी आहे. मग खांद्यावर हात ठेवून, तुझ्या पदातला 'हंगामी' हा शब्द आता काढून टाकायला हरकत नाही, असंही म्हणाले. शब्द काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ॲग्नेस घरी आहे, हात गळ्यात. तिला प्रत पाठवली. वॉल्टर कोस्टिक यांनाही पाठवली, आत स्वहस्ते लिहून: 'एका सक्षम आवाजास'.

साखर: समारंभात केक होता. समारंभ धरायचा नसतो.

११ डिसेंबर
उणे अठ्ठावीस. लिफ्ट बंद. सकाळपासून भिंतीत टक टक ऐकू येत होती. वाटलं हीटरच्या नळ्या. बऱ्याच वेळाने ती टक टक माझ्या दारात आली. वॉल्टर कोस्टिक. कुबड्यांवर तीन मजले चढून. मिशांवर बर्फ.

खुर्ची दिली. कॉफी देऊ केली, नको म्हणाले. कोटातून अंक काढला, पान उघडलं, वाक्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. "तिथले काळजीवाहक मला गतिवैविध्य असलेली व्यक्ती म्हणायचे आणि ओल्या पट्ट्याने मारायचे." स्वच्छ उच्चारात वाचलं.

ते म्हणाले, "एवढं लांबलचक नाव घ्यायचं आणि वर मारायचंही? त्यांना वेळ कुठे होता?"

मी समजावलं की ही आदराची भाषा आहे.

"कुणाचा आदर? त्यांचा? मला तिथे असं कुणी म्हटलं असतं ना, तर मी सुटायचं नावच काढलं नसतं." मग अंक बंद करून, मुखपृष्ठावरची हसरी मुलगी वर ठेवून, त्यांनी तो माझ्या टेबलावर टाकला. "तो शब्द मी तिथून आणला होता. त्यांचाच. त्यांच्या तोंडातून काढून घेतला आणि माझा केला. तुम्ही लोकांनी तो पुन्हा काढून घेतला आणि वर त्यांनाच चांगलं म्हटलंत."

मी माझ्या कॉफीत साखर घातली. अशा वेळची साखर धरायची नसते.

शेवटी त्यांनी विचारलं, हे ॲग्नेसने केलं का? मी म्हटलं, संपादन ही सामूहिक प्रक्रिया असते.

"म्हणजे तिने केलं."

मी हो म्हणालो नाही. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. मी फक्त पुन्हा कॉफी विचारली. ते उठले. उतरताना टक टक चढण्यापेक्षा जास्त वेळ येत राहिली.

१३ डिसेंबर
वॉल्टरने विद्यापीठाकडे तक्रार केली. दिलेली परवानगीही लेखी मागे घेतली. लेखावर नाव ॲग्नेसचं, तेव्हा चौकशी ॲग्नेसची. साक्षीदारांचे शब्द बदलणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. लोक याहून कमी गोष्टींत आयुष्यातून उठले आहेत.

ॲग्नेस आली. उसनी विजेची खुर्ची, डावा हात बांधलेला. लिफ्ट नेमकी आजच चालू. दार तिने स्वतः लावलं.

"पंडित, मान्यतेची खूण कुणी केली?"

मी तिच्या प्रकृतीपासून सुरुवात केली.

"कुणी केली, एवढंच विचारलं."

मी केली, तुझ्या काळजीपोटी, असं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. "बरं," म्हणाली. "हेच वाक्य, जसंच्या तसं, चौकशी समितीला लिहून दे. दुसरं काही लिहू नकोस. सुंदर तर अजिबात लिहू नकोस." मी म्हणते खूण माझी नाही, नोंद म्हणते माझीच, आता तू काय म्हणतोस त्यावर सगळं आहे, असं म्हणाली. नऊ वर्षांच्या कामाचं दार तू एका ओळीने उघडू शकतोस.

मी शब्द दिला. आजच लिहितो.

१५ डिसेंबर
निवेदन लिहायला बसलो. 'खूण मी केली.' खरं आहे, पण किती उघडंवाघडं. 'खूण केली गेली.' हे बरं. 'मान्यतेची प्रक्रिया पूर्णत्वास गेली.' याला एक लय आहे. पण मग यात मी दिसत नाही. मी दिसायला हवा, असं ॲग्नेसचं म्हणणं. दिसायला हवाच. पण किती?

नाताळनंतर ताज्या डोळ्यांनी बघावं.

९ जानेवारी
चौकशी समितीपुढे साक्ष. तीन सदस्य, सौम्य माणसं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, प्रूफ लेखिकेने पाहिलं होतं का? मी प्रश्नाची पार्श्वभूमी मांडली. शब्द आणि अर्थ यांचं नातं, प्राचीन विचार, अर्वाचीन विचार. एक सदस्य टिपण घेत होते. (नंतर दिसलं, ते गाडीची बॅटरी कुठली घ्यावी हे लिहीत होते.) बाईंनी पुन्हा विचारलं. नोंद तसं सांगते, असं मी म्हणालो. नोंद खरी आहे का, असं त्यांनी विचारलं. नोंदीच्या खरेपणाविषयी बरंच काही बोलता येईल, असं मी सांगितलं, आणि तेवढ्यात वेळ संपला.

लेखी निवेदन द्यायला सवड मिळाली आहे. लेखी माझा हातखंडा आहे.

बाहेर डीनसाहेब भेटले. प्रकरण मिटलं की तुझं संपादकपदाचं पत्र काढतो, म्हणाले. याचा माझ्या निवेदनाशी काहीही संबंध नाही. असूच शकत नाही.

३ फेब्रुवारी
आशेचा किरण. समितीने सुचवलं: कोस्टिक यांनी परवानगी पुन्हा दिली, तर मूळ शब्दांसह दुरुस्त लेख छापता येईल, आणि ॲग्नेसची फाईलही वाचेल. मुदत मार्चअखेर.

ॲग्नेस वॉल्टरकडे जाऊन आली. तिने सगळं सांगितलं, त्याचा तिच्यावरचा राग गेला. सही करायला तो तयार आहे. एकच अट: ज्याने हे केलं त्याने माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझ्यासमोर बसून, मी केलं असं म्हणावं.

अट रास्त आहे. येत्या शनिवारी जातो. काय घालून जावं? सूट फार औपचारिक वाटेल.

८ फेब्रुवारी
वादळ. रस्ते बंद.

१५ फेब्रुवारी
गाडी सुरू झाली नाही. रात्री इंजिनाच्या हीटरची वायर जोडायला विसरलो, आणि इथल्या थंडीत त्याशिवाय इंजिन गोठतं. तीस वर्षं या गावात राहून असं कधी झालं नव्हतं. यातून मी किती विमनस्क आहे ते दिसतं. शैला म्हणाली, माझी गाडी न्या. तिच्या गाडीची सीट माझ्या पाठीला सोसत नाही.

२२ फेब्रुवारी
घसा. ताप नाही, पण म्हाताऱ्या माणसाला संसर्ग नको. त्याचाच विचार केला.

शैलाने जेवताना विचारलं, अहो, आपल्या गावात वादळं, सर्दी, बॅटऱ्या सगळं शनिवारीच का होतं? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, मी येते बरोबर, तुमच्या शेजारी बसते, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की.

२८ फेब्रुवारी
उद्या नक्की. बूट दारापाशी काढून ठेवले. कोटाच्या खिशात मुद्दे लिहिलेला कागद ठेवला.

१ मार्च, सकाळ
ॲग्नेसचा फोन. वॉल्टर पहाटे गेला. न्यूमोनिया.

मी आज जाणारच होतो. बूट तसेच दारात आहेत.

६ मार्च
अंत्यविधी. मग चर्चच्या तळघरातल्या सभागृहात जेवण. बटाट्याचे पिरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हणा), कांदा, आंबट साय. युक्रेनी बायकांनी आग्रह करकरून वाढलं. वॉल्टरची शेजारीण सांगत होती, गेल्या महिन्यात तो दर शनिवारी दाढी करून, नवा टेबलक्लॉथ घालून बसायचा. कोण येणार म्हणून विचारलं तर म्हणायचा, एक प्रोफेसर. मी विषय बदलला.

तळघराला जिना आहे, उतार नाही. ॲग्नेस वरच, कोट टांगायच्या जागी बसली होती, ओल्या कोटांच्या मध्ये. मी तिच्यासाठी भरलेली ताटली वर घेऊन गेलो. कुणी नेली नव्हती, मी नेली.

तिने विचारलं, समितीला सांगितलंस का? सांगणारच आहे, म्हटलं.

"आता सांगून माझं काही होणार नाही, पंडित. सही करणारा माणूस वर गेला." ती एक पिरोगी खात होती, सावकाश. "तरी सांग. माझ्यासाठी नको. तो जे बोलला नाही ते त्याच्या नावावर छापून राहिलंय. एकदा, कुठेतरी, कुणीतरी खरं लिहून ठेवावं."

सोमवारी लिहितो, म्हणालो. तिने ताटली परत दिली आणि खाली देऊन यायला सांगितली. मी खाली गेलो. कुणीतरी आणखी वाढलं. वर आलो तर ती गेली होती.

१० मार्च
सोमवार. निवेदन पूर्ण केलं. तीन पानं. फार सुंदर उतरलं आहे. मी त्यात आहे, पण ओघाने आहे.

३१ मार्च
मुदत संपली. समितीने माझं निवेदन 'संदिग्ध' ठरवून बाजूला ठेवलं. नोंद ग्राह्य धरली. लेख मागे घ्यायचा. त्याची सूचना जर्नलमध्ये संपादकाने लिहायची असते, म्हणजे मी. लिहिली: 'यातील अवतरणे मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळत नसल्याने हा लेख मागे घेण्यात येत आहे.' वाक्य निर्दोष आहे. कर्ताच नाही.

नियमाप्रमाणे लेखाच्या प्रत्येक पानावर आता राखाडी रंगात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 'मागे घेतला' असं तिरकं छापलेलं आहे. खाली ॲग्नेसचं नाव. वॉल्टरच्या वाक्यावरून ती अक्षरं नेमकी गेली आहेत. आमच्या व्यवसायात हे एकदा नावावर लागलं की नोकरीसाठी कुठेही अर्ज केला, की हेच आधी दिसतं.

ॲग्नेसची फाईल परत आली. मी तिच्या दारावर टकटक केली. ती म्हणाली, आत ये, पण सहानुभूती बाहेर ठेव. मी बाहेरच थांबलो.

१६ एप्रिल
माझं संपादकपदाचं पत्र आलं. 'हंगामी' नाही. शैलाला दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं आणि रक्त तपासायला गेली. तिला यातलं फारसं कळत नाही.

१२ मे
नियम: परवानगी मागे घेतलेल्या माणसाचं ध्वनिमुद्रण, लेखाच्या मूळ प्रतींसकट, नष्ट करायचं. पुन्हा द्यायला वॉल्टर नाही, तेव्हा डिसेंबरचं त्याचं पत्रच अखेरचं. ते विद्यापीठाच्या संगणकावर होतं. ॲग्नेसला हजर राहावं लागलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हवं तर आम्ही करतो. ती म्हणाली, नको, एकदा तरी माझ्या नावाची खूण मीच करते.

त्याआधी तिने एकदा ऐकायला मागितलं. नियमात बसत नाही म्हणून नाकारलं. तिने बटण दाबलं. या वेळी बटण कुणी दाबलं त्याची नोंद अचूक झाली.

३० जून
ॲग्नेस गेली. भावाच्या गावी, दक्षिणेला. तिथल्या शाळेत बदली शिक्षिकेचं काही मिळतंय का बघणार आहे. लिफ्ट बंद असल्याने तिला स्वतःचं सामान आवरायला वर येता आलं नाही. मी भरून खोकी खाली नेली. पाच फेऱ्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहितो.

मालाच्या दारात ती म्हणाली, "लिफ्टचं पत्र लिही रे, पंडित. तेवढं तरी." मी शब्द दिला.

८ जुलै
तिची खोली मला मिळाली. दार रुंद, खिडकी नदीकडे. बसलो आणि एक अडचण लक्षात आली. खुर्चीत बसल्यावर गुडघे आत जावेत म्हणून तिने टेबल चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून घेतलं होतं. मी मुळात ठेंगणा. टेबल माझ्या छातीच्या वर येतं. हनुवटी टेकून लिहितो आहे. डीनसाहेब डोकावले, त्यांना मी चटकन दिसलो नाही.

सकाळीच चौकशी कार्यालयाचं परिपत्रक आलं. कै. कोस्टिक यांच्या मुलाखतीतला कोणताही मजकूर कुणाच्या टिपणात, वहीत, कागदपत्रांत शिल्लक असल्यास तो नष्ट करावा. वाचताना ८ नोव्हेंबर आठवला. हीच वही. पान काढून पाहिलं. पहारेकरी, लंगड्या, ओला पट्टा, कपडे आणि शब्द, सगळं जसंच्या तसं. आता जगात एवढंच.

नियम म्हणजे नियम. संपादकाने तर तो काटेकोर पाळायला हवा. जाड काळं पेन आणलं. पण हे टेबल इतकं उंच, हात नीट टेकत नाही, रेघ वाकडी जाते. असलं काम नीटनेटकं व्हायला हवं. ठोकळे निघाल्यावर करतो.

ठोकळे काढायला सुतार सांगितला. तो म्हणाला, हत्यारांची गाडी आहे, लिफ्ट चालू झाल्याशिवाय वर येत नाही.

लिफ्टचं पत्र उद्या नक्की.